तळ्याकाठची सहल : ‘नको’ कोण म्हणणार?

सहल म्हटली की बेत आखण्यातच निम्मी मजा असते. गाडी किती वाजता सुटणार, डब्यात काय न्यायचे, पत्ते कोण आणणार, आजोबांना एवढे चालवेल का, या चर्चेत आठवडा कसा निघून जातो ते कळत नाही. पण पाण्याकाठी पोचल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे मात्र बहुतेक वेळा तिथे गेल्यावरच ठरते. ते आधीच का ठरायला हवे, हे चेन्नईच्या उत्तरेचे पुलिकत सरोवर चांगले शिकवते.

एन्नोरहून पुढे

आज एन्नोर म्हटले की चेन्नईकरांच्या डोळ्यांपुढे बंदर, कारखाने आणि धुराडी येतात. पण ब्रिटिश अमदानीत हेच गाव हवा पालटण्याचे ठिकाण होते. कोसस्तलैयार नदी इथे खाडीतून समुद्राला मिळते. मद्रासच्या उकाड्याने हैराण झालेली युरोपीय मंडळी इथल्या मोकळ्या वाऱ्यासाठी, होडीतून फिरण्यासाठी आणि गळ टाकून मासे पकडण्यासाठी येत.

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९७० मध्ये इथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले (ते २०१७ मध्ये बंद झाले), तर २००१ मध्ये बंदर. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात तेलाचा तवंग खाडीभर पसरला आणि कोळ्यांच्या होड्या, जाळी काळी पडली. साहजिकच तळ्याकाठी दिवस घालवू पाहणारी कुटुंबे एन्नोर मागे टाकून उत्तरेला पुलिकतकडे वळतात.

चेन्नई सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या लोकलने एन्नोर, मिंजूर ओलांडून पोन्नेरीला उतरावे. तिथून सुमारे वीस किलोमीटरवर पुलिकत, म्हणजे तमिळमधले पळवेरकाडु.

पाहण्यासारखे पुष्कळ

ओडिशातील चिल्काखालोखाल देशातले हे दुसरे मोठे खाऱ्या-मचूळ पाण्याचे सरोवर. त्याचा मोठा भाग आंध्र प्रदेशात, तर दक्षिणेकडचा भाग तमिळनाडूत येतो. सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा बेट आहे, आपले उपग्रह जिथून उडतात तेच. हिवाळ्यात इथल्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उजनीच्या काठी भिगवणला हे पक्षी पाहिलेल्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. आंध्रच्या बाजूला सुळ्ळुरुपेट्याजवळ नेलपट्टू अभयारण्यात पेलिकन पक्षी घरटी करतात.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठीही इथे बरेच आहे. १६०९ मध्ये डच व्यापारी इथे आले आणि १६१३ मध्ये त्यांनी गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला. किल्ल्याचे आता जेमतेम अवशेष उरले आहेत. डचांचे कबरस्तान मात्र टिकून आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या प्रवेशद्वारावर कोरलेले सांगाडे पाहून मुले थबकतात. गावातील मुस्लिम स्त्रिया ताडाच्या पानांपासून सुबक टोपल्या आणि डबे विणतात.

यातल्या एकाही गोष्टीसाठी होडीत पाऊल टाकावे लागत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नाताळचा तो दिवस

२५ डिसेंबर २०११. रविवार आणि नाताळ एकाच दिवशी आलेले. सुट्टीसाठी पुलिकतला आलेली मंडळी बायकामुलांसह मासेमारीच्या होडीतून फिरायला निघाली. होडीत पंचवीसजण होते. लाइफ जॅकेट नव्हती. होडी उलटली आणि बावीसजण बुडाले. त्यानंतर तिथे सहलीसाठी होड्या नेण्यावर बंदी घालण्यात आली.

पुलिकतचे पाणी बहुतेक ठिकाणी फार खोल नाही. त्यामुळेच माणूस गाफील राहतो. पण जिथे सरोवर समुद्राला मिळते, तिथे भरती-ओहोटीचा ओढा असतो. पोहता न येणाऱ्या मुलाला तर डोक्याइतके पाणीही पुष्कळ झाले.

हे काही एकट्या पुलिकतचे नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. होडीत प्रमाणाबाहेर माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. त्यात सहाजणांचा जीव गेला.

घोळक्यातला संकोच

एकटे जोडपे असेल तर भरलेली होडी पाहून बायको सहज म्हणते, ‘‘नको, पुढच्या होडीने जाऊ.’’ वीसजणांच्या घोळक्यात तेच म्हणणे अवघड जाते. आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होईल, भित्रा म्हणून थट्टा होईल, असे वाटते. प्रत्येकाला वाटते, कोणीतरी पाहिले असेलच. मग कोणीच पाहत नाही. काठावर उभे राहिल्यावर मुलांचा हट्ट आणि होडीवाल्याची घाई यांच्यापुढे शहाणपण टिकत नाही. म्हणून निर्णय घरीच व्हावा.

बेत आखताना पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात :

• ‘नको’ म्हणण्याचा अधिकार एकाला द्यावा. वयाने मोठी, शब्दाला मान असलेली एक व्यक्ती नेमावी, मग ती थोरल्या काकू असोत की मामा. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. वाद घालायचा तर घरी परतल्यावर.

• परवानगीची चौकशी आधी करावी. होडीविहाराला परवानगी आहे का, हे तिथल्या प्रशासनाला किंवा पर्यटन खात्याला विचारावे. होडीवाल्याचे ‘काही होत नाही’ म्हणजे परवानगी नव्हे.

• आधी जॅकेट, मग पाऊल. प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या मापाचे, पट्टे बांधलेले लाइफ जॅकेट मिळत नसेल तर होडी रद्द. बाकाखाली रचलेली जॅकेट ऐनवेळी उपयोगी पडत नाहीत.

• मुले वाटून घ्यावीत. ‘सगळे बघतीलच’ असे न म्हणता दोन मुलांमागे एका मोठ्या माणसाचे नाव ठरवावे. बसमध्ये चढताना आणि उतरताना माणसे मोजावीत.

• महिना पाहावा. आपल्याकडचा पावसाळा संपतो तेव्हा तिथला जोर धरतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा आणि वादळांचा काळ. जानेवारी-फेब्रुवारीत हवा चांगली असते आणि पक्षीही असतात.

• होडीविना दिवस आखावा. सकाळी पक्षी, दुपारी डबे आणि झाडाखालची विश्रांती, उन्हे उतरल्यावर कबरस्तान आणि टोपल्यांची खरेदी. दुर्बीण जरूर न्यावी. कार्यक्रम भरगच्च असला की मुले होडीचा हट्ट धरत नाहीत.

एवढ्या अटी घातल्या तर सहलीची मजा काय राहिली, असे कोणी म्हणेल. पण अटी एकदा घरी ठरल्या की काठावर कुरकुर उरत नाही. कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि आयांचा जीव टांगणीला लागत नाही. थोरल्या काकूंनी ‘नको’ म्हटले म्हणून होडी हुकली, याची थट्टा पुढे दहा वर्षे घरात चालेल. ती चालावी, आणि ती करायला सगळेजण घरात असावेत.