बियांवाचून रुजणारी परसबाग

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या गावांची ओळख गणपतीच्या मूर्तींमुळे झाली आहे. घराला लागून कारखाना, पडवीत मूर्ती, अंगणात मूर्ती आणि आषाढ-श्रावणात रंगकामाची घाई. अशा गावात भाजीच्या वाफ्यासाठी जागा काढणं अवघड असतं. पण स्वयंपाकाला लागणारा सुवासिक पाला वाफा मागत नाही. न्हाणीच्या कडेचा हातभर तुकडा, पागोळ्यांच्या आतल्या बाजूची एखादी कुंडी, पायरीवरचा भोक पाडलेला डबा एवढ्यात त्याचं भागतं. गवती चहा, पुदिना, ओव्याचं पान, हळद, सब्जा, कढीपत्ता ही सगळी झाडं कोकणच्या दमट हवेची सोबती आहेत. शिवाय यातल्या बहुतेकांसाठी बियांचं पाकीट विकत घ्यावं लागत नाही. शेजारघरची एक काडी किंवा बाजारातली एक जुडी पुरते.

हे सोपं का आहे आणि कुठे चुकतं, हे समजून घेतलं तर या पावसाळ्यात कोणाचीही परसबाग उभी राहील.

बी कुठे गेलं?

आपण पातोळ्या ज्या पानात वाफवतो त्या हळदीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत. फूल येतं, पण बी सहसा धरत नाही. घरोघरचा गवती चहा क्वचितच फुलोऱ्यावर येतो. भाताला बासमतीसारखा वास देणारी अन्नपूर्णा, म्हणजे बासमतीचं पान, तर त्याहून पुढची आहे. तिची नर फुलं इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर सापडल्याची नोंद आहे, मादी फुलाची नोंदच नाही.

ही झाडं माणसाने पिढ्यान्पिढ्या कंदाने, फुटव्याने, फांदीने वाढवली. ज्याचा वास चांगला त्याचाच तुकडा पुढे गेला. म्हणूनच काकूंच्या दारातला गवती चहा आवडला तर त्याच ठोंबातला फुटवा आणावा. येणारं झाड वासाला आणि चवीला तेच असतं. बियांपासून वाढवलेल्या रोपांची अशी खात्री देता येत नाही.

काडीला मूळ कसं फुटतं?

फांदीवर जिथून पान निघतं तो भाग म्हणजे पेर. तिथे डोळा असतो आणि नवी वाढ सुरू करू शकणाऱ्या पेशीही असतात. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खाली उतरत राहतं. फांदी कापली की ते कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथल्या पेशींना मुळं तयार करायला लावतं. हाच परिणाम घडवणारं इंडोल ब्युटिरिक ॲसिड 1935मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवून दिलं. रोपवाटिकांमध्ये वापरली जाणारी मुळं फुटण्याची पावडर त्यातूनच आली. आपल्या पाल्याला मात्र तिची गरज पडत नाही.

अडचण पाण्याची असते. मुळं नसताना पानं मात्र पाणी उडवत राहतात. म्हणून छाट लावताना खालची पानं काढायची, वरची मोठी पानं अर्धी कापायची आणि छाट सावलीत ठेवायची. उन्हात ठेवलेली छाट मुळं फुटण्याआधीच सुकते. दुसऱ्या टोकाला चिखलात ठेवलेली छाट कुजते, कारण नव्या मुळांना हवाही लागते. सावली, ओल आणि हवा या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं काम झाड करतं.

प्रत्येकाची रीत वेगळी

पुदिना सगळ्यात सोपा. बाजारातल्या जुडीतल्या ताज्या, जाड काड्या निवडा, तळाची पानं काढा आणि पेर बुडेल एवढ्या पाण्यात उभ्या करा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. बोटाच्या एका पेराएवढी झाली की काड्या मातीत लावा. बाजारच्या जुडीवर फवारणी झालेली असू शकते, म्हणून जुनी पानं न खाता नवी फूटच वापरा. पुदिना जमिनीलगत धावत सुटतो, त्याला स्वतंत्र कुंडी द्या.

सब्जाही पाण्यात मुळं धरतो. फालुद्यात बी घालतो तोच हा सब्जा. थाई रस्सा-भातात ज्या तुळशीची पानं पडतात, तीही याच जातीची. फुलोरा न आलेला शेंडा घ्या. मंजिरी आली की झाडाचं बळ बियांकडे जातं, म्हणून ती वेळच्या वेळी खुडत राहा.

ओव्याच्या पानाची चार बोटं लांब फांदी कापून एक दिवस सावलीत ठेवा. कापलेला भाग सुकला की थेट मातीत खोचा. हे झाड मांसल असतं, त्याला जास्त पाणी सोसत नाही. भज्यांपुरतं हे पान आपल्याला ठाऊक आहे. क्युबासारख्या कॅरिबियन देशांत तेच ओरेगॅनो म्हणून मांसाला लावतात. मटणाच्या वाटणात दोन पानं घालून पाहायला हरकत नाही.

गवती चहाची छाट होत नाही, फुटवा लागतो. ठोंब खणून एकेक काडी तळाच्या गड्ड्यासह आणि थोड्या मुळांसह सुटी करा. पात वीतभर ठेवून वरची कापा आणि फुटवे लावा. बाजारात मुळाकडचा भाग शाबूत असलेली काडी मिळाली तर ती दोन-तीन आठवड्यांत पाण्यातही मुळं धरते. आपण चहासाठी पात वापरतो आणि बुंधा टाकून देतो. थायलंडमध्ये मात्र स्वयंपाकात मुख्य मान बुंध्याचाच. तो ठेचून माशाच्या कालवणात उकळावा आणि वाढण्याआधी काढावा. एकाच ठोंबात चहा आणि कालवण दोन्हींची सोय होते.

अन्नपूर्णेच्या बुंध्याशी पिल्लं येतात. त्यांना हवेत लोंबणारी मुळं फुटली की धारदार सुरीने वेगळी करा. कर्जत-3 किंवा जयासारख्या साध्या तांदळाच्या भातात एका पानाची गाठ मारून टाकली की सगळ्या घरात वास भरतो. बासमतीत आणि या पानात वासाचं रसायन एकच आहे.

हळदीचा डोळा असलेला कंदाचा तुकडा मे-जूनमध्ये लावला की गौरी-गणपतीपर्यंत पातोळ्यांना पानं मिळतात. सुमात्रातल्या पाडांग भागात मांसाच्या रेंदांगमध्येही हळदीचं पान पडतं.

कढीपत्ता मात्र छाटीला सहसा दाद देत नाही. अनेक काड्या लावून एखादी जगते आणि माणूस निराश होतो. त्यापेक्षा जुन्या झाडाच्या मुळांवर फुटलेला कोंब मुळाच्या तुकड्यासह काढावा किंवा पिकलेली काळी फळं गोळा करून गर धुऊन लगेच पेरावीत. ही बी वाळली की उगवणशक्ती गमावते. झाड लिंबाच्या कुळातलं आहे, त्यामुळे लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या त्यावर येणारच. कोवळ्या रोपावरच्या अळ्या हाताने वेचाव्यात.

पाऊस आणि माती

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. दमट हवा आणि ढगाळ आभाळ छाटीला मानवतं, पण जुलैची झोड तिला कुजवते. म्हणून मृगाचा पाऊस स्थिरावला की छाटी लावा आणि पागोळ्यांच्या आत ठेवा. मुळं धरून नवी पालवी आली की बाहेर काढा. पोयटा माती, रेती आणि कुजलेलं शेणखत समान घेतलं तर पाणी साचत नाही. खारेपाटातली खारी माती कुंडीत भरू नका, पुदिना आणि हळद तिच्यात तग धरत नाहीत.

मूर्तींच्या गावांसाठी आणखी एक सूचना. कारखान्यात रंगाचे रिकामे डबे भरपूर असतात, पण ज्याची पानं खायची त्या झाडासाठी ते वापरू नका. रंगातली द्रव्यं मातीत उतरू शकतात. प्लास्टरचा चुरा मातीत मिसळला की ती आवळते आणि पाण्याचा निचरा बिघडतो. तेलाचा किंवा खाद्यपदार्थांचा डबा घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा. पाण्यातल्या काड्यांचं पाणी दर दोन दिवसांनी बदला. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि पावसाळ्यात डेंग्यूचा धोका असतो.

एकच झाड, अनेक दारं

फांदीने वाढवलेली झाडं मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. वास टिकतो हा फायदा, पण रोगही तसाच सगळीकडे पोचतो. हळदीची कंदकूज किंवा पुदिन्याचा तांबेरा एका दारातून दुसऱ्या दारात फांदीबरोबर जातो. छाट नेहमी निरोगी झाडाचीच घ्या, पानं चुरगळलेल्या किंवा पिवळे पट्टे आलेल्या झाडाची घेऊ नका. कात्री वापरण्याआधी धुऊन पुसून घ्या. शंका असेल तर रोह्याजवळच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात रोगट पान दाखवून विचारता येतं. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे.

तरीही बी नसल्यामुळे आपल्याकडचं झाड एकट्याने राखणं शहाणपणाचं नाही. यंदा अतिपावसाने तुमचा पुदिना गेला, तर ज्यांना तुम्ही मागे काडी दिली होती त्यांच्याकडून ती परत मिळेल. बी नसलेल्या झाडाची साठवण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारातच होते. या मोसमात स्वतःसाठी एक छाट लावा, दुसरी मुळं धरल्यावर शेजारच्या घरी द्या आणि ती कशी लावायची तेही सांगा.