एका पेनीची भीती

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी साहित्य म्हटले की डिकन्स, थॅकरे, जॉर्ज इलियट ही नावे पुढे येतात. परंतु त्याच काळात लंडनचा कामकरी दर आठवड्याला एक पेनी टाकून जे वाचीत होता, त्याकडे पंडितांनी फार दिवस पाठ फिरविली होती. लुई जेम्स यांनी १९६३ साली त्यावर ग्रंथ लिहिला; पुढे हा अभ्यास वाढत गेला. पत्रक टाकून देणारा कामगार रहस्यकथा मात्र घडी घालून खिशात ठेवतो, हे आम्ही गिरणीच्या दारात पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आम्हाला या विषयाचे अगत्य.

त्या वेळी बातम्या छापणाऱ्या पत्रांवर स्टँपाचा कर होता. तो १८५५ साली उठला. कल्पित गोष्टींवर कर नव्हता. म्हणजे कामकऱ्याला बातमी महाग आणि भूत स्वस्त! आठ पानांचा अंक, वर एक चित्र, आणि गोष्ट ऐन मोक्याला तोडलेली. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याकडून वाचवून घेई.

जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांची 'मिस्टरीज ऑफ लंडन' १८४४ साली अशीच निघू लागली. तीतला खलपुरुष प्रेते उकरून विकतो. सुशिक्षित वाचक येथे नाक मुरडतो. पण ही भीती आली कोठून? वर्कहाऊस नावाच्या गरीबखान्यात मेलेल्याच्या प्रेतावर कोणी हक्क सांगितला नाही, तर ते चिरफाडीसाठी वैद्यकशाळेला देण्याची मुभा १८३२ च्या कायद्याने दिली. पूर्वी ही शिक्षा फाशी गेलेल्या खुन्याला होती. आता ती दारिद्र्याला लागू झाली. जन्मभर राबून शेवटी मूठमातीही मिळू नये, या धास्तीने गरीब माणसे मयताच्या फंडात पेनी पेनी भरीत. हे भूत लेखकाने उठविलेले नाही, पार्लमेंटने उठविले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेनॉल्ड्स मार्च १८४८ मध्ये ट्रफाल्गर चौकातील सभेचे अध्यक्ष झाले आणि कामकऱ्यांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांना मिळाले. त्यांनी पैसाही पुष्कळ केला, आणि उमरावांची लफडी ज्या चवीने रंगविली ती आम्हाला रुचत नाही. असो.

रक्त पिणारा 'व्हार्नी' १८४५ ते १८४७ या काळात निघाला. तो 'सर' पदवीचा गृहस्थ आहे! कापडगिरण्यांतील बायका व अल्पवयीन मुले यांना दहा तासांचा दिवस मिळाला तोही १८४७ सालीच. पुढे १८६७ मध्ये मार्क्स यांनी भांडवलाला जिवंत श्रम शोषणाऱ्या रक्तपिपासूचीच उपमा दिली.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी १८८५ साली 'मधली स्थिती' लिहिली ती रेनॉल्ड्स यांच्या कादंबरीचा आधार घेऊन. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही त्यानंतरची.