तलंगा घ्यायच्या कुठून?

‘आठवडी बाजारातली कोंबडी घरचीच असते, म्हणून ती सगळ्यांत खात्रीची,’ असं बीड जिल्ह्यातल्या गावोगावी ऐकू येतं. विकणारी बाई शेजारच्या गावची असते, कोंबडीही तिनेच वाढवलेली असते, हे खरं. पण त्या बाजारात दहा गावांचे पक्षी एकमेकांना खेटून दिवसभर पडलेले असतात. शिवाय घरातली एखादी कोंबडी मलूल दिसली की मरण्याआधी बाजारात काढायची सवय सगळीकडेच आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग विष्ठेतून, श्वासातून, खुराड्यातून, माणसाच्या चपलेतूनही पसरतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस जातात. त्यामुळे बाजारात तरतरीत दिसलेली कोंबडी आठवड्याच्या आत मान टाकते आणि तिच्यामागून जुन्या कोंबड्याही जातात. मग ‘हवा बदलली’ म्हणून सोडून दिलं जातं. मला याचंच सगळ्यांत वाईट वाटतं, कारण कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातातला असतो आणि तो एका आठवड्यात बुडतो.

बाजारातून घ्यायचीच असेल, तर नवी कोंबडी दोन-तीन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या खुराड्यात ठेवा. तिचं दाणा-पाण्याचं भांडंही वेगळं हवं.

बर्ड फ्लू फक्त मोठ्या पोल्ट्रीत येतो, असंही म्हणतात. पण जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला या रोगाने शेकडो कोंबड्या मेल्या, आणि त्याच महिन्यात बीड जिल्ह्यातल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात, तेव्हा परसातल्या कोंबड्याही सुटत नाहीत. रोगाची बातमी असेल त्या दिवसांत कुठूनही पक्षी आणू नयेत.

सरकारी केंद्रातून पिल्लं घेतली की काळजी मिटली, हाही समज अर्धाच खरा. छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथला पक्षी कोणत्या जातीचा, किती दिवसांचा, हे ठाऊक असतं. हा मोठा फायदा. पण एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश ऊब लागते. रात्री वीज गेली आणि उबेचा बल्ब विझला, की पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. ज्यांच्याकडे उबेची सोय नाही, त्यांनी आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्याव्यात. त्या महाग वाटतात, पण नाजूक दिवस आणि सुरुवातीच्या लसी त्यांनी मागे टाकलेल्या असतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतला 25 तलंगा आणि 3 नरांचा गट याच वयाचा असतो, त्यावर 50 टक्के अनुदान मिळतं. चौकशी पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. लसीची नोंद मात्र कुठेही मागावी: राणीखेत, गंबोरो आणि देवी, तारखांसकट.

‘लाल अंडं म्हणजे गावरान’ हा समज तर विकणाऱ्यांच्या पथ्यावरच पडतो. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पोषणावर नाही. पोल्ट्रीतल्या काही जातीही लालच अंडी देतात, आणि उतारवयात काढून टाकलेल्या अशा कोंबड्या गावात ‘अंड्यावरच्या’ म्हणून खपवल्या जातात. चोचीचं टोक छाटलेलं दिसलं, की पक्षी बहुधा पोल्ट्रीतला. पायाचे खवले खरखरीत झाले असतील, तर वय झालेलं. कोवळ्या तलंगेचा तुरा लहान आणि फिकट असतो. तो आजार नव्हे. फेरीवाल्याकडची रंगवलेली पिल्लं बहुतेक नर असतात, त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नये.

राहिला जातीचा प्रश्न. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, सुधारित जातींपैकी वनराज शंभराच्या पुढे, ग्रामप्रिया त्याहून जास्त. आकडे पाहून सगळं खुराडं सुधारित जातीचं करावंसं वाटतं. पण या जाती सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत आईचे गुण पुरते उतरत नाहीत. म्हणजे दर खेपेला नव्या तलंगा विकत आणाव्या लागतात. म्हणून माझ्या मते अंडी उबवायला परसात दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवाव्यातच. कडकनाथ जातीची कोंबडीही वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते. ‘पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत विकत घेऊ’ असं सांगणाऱ्यांपासून जपा. 2019 मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात असंच सांगून राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.