हायब्रीड शर्यतगाडी : दोन शक्तींची जोडी

'हायब्रीड' हा शब्द शिंदखेडा तालुक्याला नवा नाही. हायब्रीड ज्वारी आणि हायब्रीड कपाशी यांनी तो कधीच खेड्यापाड्यांत पोचविला आहे. सुरतेच्या संशोधन केंद्रात तयार झालेले 'एच-४' हे कापसाचे संकरित वाण १९७० साली शेतकऱ्यांच्या हाती आले. दोन वाणांचे गुण एका झाडात आणावयाचे, हे त्यामागील तत्त्व. हेच तत्त्व वेगवान गाडीला लावले तर काय होते?

हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विहिरीवरच्या पंपाला असते तशी विजेची मोटरही असते. दोघांचे स्वभाव वेगळे. इंजिनाचा खरा जोर त्याचे फेरे वाढल्यानंतर येतो. विजेची मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोराने ओढते. परंतु तिला लागणारी बॅटरी जड असते आणि लवकर संपते. पेट्रोल थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविते. म्हणजे एक बैल चिखलातून गाडी झटक्यात काढणारा, तर दुसरा लांबच्या वाटेला टिकणारा. अशी जोडी एका जुवाखाली चालवावयाची तर गाडीवान कुशल हवा. येथे कासरा संगणकाच्या हाती असतो. कोणी, केव्हा आणि किती ओढावयाचे, हे तो क्षणाक्षणाला ठरवितो.

दुसरा लाभ ब्रेकचा. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गतीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, हे पाहता वेगवान गाडीचे नुकसान केवढे असेल, याची कल्पना येईल. हायब्रीड गाडीत ब्रेकच्या वेळी चाकेच मोटरला फिरवितात. मोटर मग जनित्राचे काम करते आणि वीज बॅटरीत परत जाते. मुंबईच्या नव्या लोकल गाड्याही याच रीतीने ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतात.

आता एका प्रत्यक्ष गाडीकडे वळू. मुंबईच्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार कंपनी विकत घेतली. २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात जग्वारने 'सी-एक्स७५' ही नमुना गाडी मांडली. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती आणि बॅटरी भरण्यासाठी दोन छोटी गॅस टर्बाइन होती. २०११ मध्ये विल्यम्स या शर्यतगाड्यांच्या कंपनीच्या साह्याने जास्तीत जास्त २५० गाड्या काढण्याचे जाहीर झाले. तेव्हा टर्बाइन वगळून साध्या कुटुंबाच्या गाडीत शोभेल असे केवळ १.६ लिटरचे इंजिन घेण्यात आले. कमी फेऱ्यांत सुपरचार्जर आणि पुढे टर्बोचार्जर त्यात जादा हवा कोंबीत. त्यामुळे एवढ्याशा इंजिनातून सुमारे ५०० अश्वशक्ती मिळे. पुढच्या व मागच्या आसावर एकेक मोटर होती. सर्व मिळून शक्ती साडेआठशे अश्वशक्तीच्या वर जाई. तरीही केवळ विजेवर सुमारे ६० किलोमीटर जाण्याचे उद्दिष्ट होते.

डिसेंबर २०१२ मध्ये मात्र जागतिक आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन कंपनीने ही योजना थांबविली. मोजक्या नमुना गाड्या तेवढ्या तयार झाल्या. २०१५ च्या 'स्पेक्टर' या जेम्स बाँड चित्रपटात ती दिसली खरी. पण पाठलागाच्या दृश्यांसाठी बनविलेल्या गाड्यांत साधे पेट्रोल इंजिन होते. दरम्यान, २०१३ मध्ये मॅक्लारेन, पोर्शे आणि फेरारी यांच्या हायब्रीड गाड्या बाजारात येऊ लागल्या. पोर्शेने ९१८, तर मॅक्लारेनने आपल्या 'पी-१' च्या ३७५ गाड्या काढल्या.

मग अशा गाड्यांचा सामान्य माणसाला उपयोग काय? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हायब्रीडची विद्या श्रीमंतांच्या गाडीतून खाली आलेली नाही. जपानच्या टोयोटाने १९९७ मध्येच 'प्रियस' ही घरगुती हायब्रीड गाडी काढली होती, आणि तिचा हेतू पेट्रोल वाचविणे हा होता. तीच बॅटरी, तीच मोटर, तीच परत मिळविलेली ऊर्जा. एकाने ती बचतीसाठी वापरली, दुसऱ्याने वेगासाठी. विद्या दोघांना सारखीच वश होते, तिच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे हे माणूस ठरवितो. म्हणून हायब्रीड गाडीची जाहिरात वाचताना केवळ अश्वशक्तीच्या आकड्यापाशी थांबू नये. लिटरमागे ती किती चालते, हेही अवश्य विचारावे.