भूत तेच, रूप नवं: भाईंदरच्या खाडीतला गिऱ्हा कसा घडवाल?

मुंज्या म्हटलं की काय आठवतं? मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळाचं झाड आणि अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा. त्याचे दात किती, कातडी कोणत्या रंगाची, याबद्दल जुन्या गोष्टी फारसं बोलत नाहीत. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने (२०२४) नेमकी हीच मोकळी जागा वापरली. भूत कॉम्प्युटरवर घडवलं, चेहरा नवा दिला. पण वय, झाड आणि लग्नाचा हट्ट सोडला नाही. म्हणून कोकणातल्या आजीलाही ते ओळखू येतं.

म्हणजे भुताची ओळख चेहऱ्यापेक्षा त्याच्या नियमांत जास्त असते.

झोंबीचंच बघा. हैतीच्या लोककथांमधला झोंबी माणसं खात नव्हता. तो जादूने राबवून घेतलेला मृत गुलाम होता. माणसं खाणारी प्रेतांची झुंड आणली जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या चित्रपटाने, आणि त्यात ‘झोंबी’ हा शब्दच नव्हता! पुढे २००२च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये ही मंडळी धावू लागली. चाल बदलली तरी झुंड आणि संसर्ग राहिला, म्हणून प्रेक्षक गोंधळला नाही. सरपोतदारांनीच २०२२मध्ये ही झुंड डोंबिवलीत आणली. ‘झोंबिवली’त तिच्या आजूबाजूला टॉवर, झोपडपट्टी आणि पाण्याचा प्रश्न आला, आणि झोंबी आपल्या ठाणे जिल्ह्याचे झाले.

पण कोणाचं काय उचलायचं, हे तपासायलाच हवं. मेरी शेली यांच्या १८१८च्या कादंबरीतला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आहे. सपाट डोकं आणि मानेतले खिळे आले ते युनिव्हर्सल कंपनीच्या १९३१च्या चित्रपटातून, जॅक पिअर्स यांच्या मेकअपमधून. १९५७मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने तीच गोष्ट केली, तेव्हा तो चेहरा वापरायची सोय नव्हती. त्यांनी जखमांचे वण असलेला वेगळाच चेहरा केला आणि चित्रपट चालला. आपल्याकडेही हाच फरक लक्षात ठेवा: लोककथेतला मुंज्या सगळ्यांचा, पण चित्रपटात दिसलेलं त्याचं रूप निर्मात्यांचं. भारतात कलाकृतीवरचा कॉपीराइट साधारणपणे निर्मात्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. गेम किंवा कॉमिक विकायचं असेल तर नक्कल महागात पडू शकते.

आता भाईंदरचं भूत करून पाहू. इथे खाडी आहे, मिठागरं आहेत. पिंपळावरच्या मुंज्यापेक्षा गिऱ्हा जवळचा. कोकणात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो पाण्याकाठी एकट्यादुकट्याला चकवतो, असं सांगतात. हे दोन धागे तोडले तर उरेल तो नुसता ओला राक्षस. बाकी सगळं बदला. शेवाळाऐवजी अंगावर मिठाची खपली द्या, उन्हात तडतडणारी. पाऊल पडेल तिथे पांढरा ठसा. मग आकृती पूर्ण काळी करून मित्राला दाखवा. नुसत्या सावलीवरून तो कोण हे कळत नसेल, तर बारीकसारीक तपशील वाढवून उपयोग नाही, उभं राहण्याची ढब बदला.

आणि मिठागरं पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे जूनच्या पहिल्या सरीत त्याची खपली विरघळेल आणि थेट दिवाळीपर्यंत तो कोणाला दिसणारच नाही.