हृदय आणि रक्ताचा जलसांठा

आमच्या बीड जिल्ह्यांत पाण्याची किंमत कोणास शिकवावी लागत नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत हा प्रदेश पडल्यामुळें मधून मधून एखादें वर्ष कोरडें जावयाचें, हें येथें ठरल्यासारखेंच आहे. इ. स. १९७२ चा दुष्काळ तर वडील माणसें अजून विसरलेलीं नाहींत. आडांत पोहरा सोडला म्हणजे पाणी किती खोल गेलें तें दोर सांगतो, आणि त्या मानानें घरची बाई हात आंखडता घेते. असाच हिशेब प्रत्येकाच्या शरीरांतही अहोरात्र चाललेला असतो, व तो ठेवणाऱ्यांपैकीं एक खुद्द आपलें हृदय आहे, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, एवढेंच आपण शिकलेलों असतों. त्या पंपाच्या भिंतींतच पाणी मोजण्याची सोय कशी आहे, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक साधा अनुभव घेऊं. उन्हाळ्याच्या सुटींत विहिरीवर पोहावयास गेलेला मुलगा गळ्याइतक्या पाण्यांत कांहीं वेळ राहिला, कीं त्यास लघुशंका लागते. थंडीमुळें असें होतें, असें आपण म्हणतों व तें कांहीं अंशीं खरेंही आहे. परंतु शास्त्रज्ञांनीं माणसांना कोमट पाण्यांत गळ्यापर्यंत बसवून पाहिलें, तेव्हांही त्यांचें मूत्र वाढलेलें आढळलें. त्यांनीं पाण्याचा एक घोटही अधिक घेतलेला नव्हता. मग शरीरानें पाणी बाहेर टाकण्याचा हुकूम कां सोडला?

याचें उत्तर रक्ताच्या वांटणींत आहे. प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें, व त्यापैकीं जवळजवळ दोन तृतीयांश कोणत्याही क्षणीं शिरांमध्यें असतें. शिरांच्या भिंती पातळ असतात. आपण उभे असतों तेव्हां बरेंचसें रक्त पायांच्या शिरांत उतरून राहतें. पाण्यांत शिरलें, कीं बाहेरील पाण्याचा दाब त्या शिरांवर पडतो आणि सुमारें अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललें जातें. शरीरांतील एकूण रक्त वाढलेलें नसतें. पण हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस, म्हणजे कर्णिकांस, तें वाढल्यासारखें वाटतें. त्या फुगतात, आणि त्यांच्या भिंतींतील पहारेकरी वर्दी देतात.

हे पहारेकरी म्हणजे मज्जातंतूंचीं बारीक टोंकें. शिरा ज्या ठिकाणीं कर्णिकांस मिळतात, तेथें त्यांची दाटी असते. भिंत ताणली गेली, कीं त्यांतून विद्युत्संदेश निघतात व व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या वाटेनें मेंदूच्या तळाशीं पोहोंचतात. ताण जितका अधिक, तितके संदेश दाट. यांस आपण ताणग्राहक म्हणूं. हे ग्राहक कर्णिकांतच कां? मोटेच्या धारेवरून विहिरींत किती पाणी उरलें तें कळत नाहीं. त्यासाठीं विहिरींत डोकावूनच पाहावें लागतें. धमनींतील दाब ही मोटेची धार होय. रक्त थोडें कमी झालें तरी हृदय व रक्तवाहिन्या ओढाताण करून ती धार टिकवितात. खरा सांठा कळतो तो शिरांच्या मुखाशीं, जेथें दाब कमी व भिंत पातळ असते.

या ग्राहकांचा छडा लावण्याच्या कामीं एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वांटा आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. डॉ. अवतारसिंग पेंटल यांचा जन्म इ. स. १९२५ मध्यें ब्रह्मदेशांत झाला. लखनौस वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते एडिंबरोस गेले. व्हेगसमधील केंसाहूनही बारीक असा एकेक तंतु सुटा करून त्यांतील संदेश टिपण्याची हातोटी त्यांनीं साधिली. मांजरांवरील प्रयोगांत त्यांस कर्णिकांतील ग्राहक दोन प्रकारचे आढळले : एक कर्णिका आकुंचन पावतांना बोलणारे, व दुसरे ती रक्तानें भरत असतां बोलणारे. पहिल्यांस ‘अ’ व दुसऱ्यांस ‘ब’ म्हणूं. हें संशोधन इ. स. १९५३ मध्यें प्रसिद्ध झालें. सांठ्याची वर्दी देणारे ते मुख्यतः ‘ब’ वर्गाचे. पुढें पेंटल दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले व इ. स. १९८१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सदस्यत्व दिलें. इ. स. २००४ मध्यें ते निवर्तले.

ग्राहकांचा मूत्राशीं संबंध आहे याचा पुरावा हेन्री, गाउअर व रीव्हज या तिघांनीं इ. स. १९५६ मध्यें पुढें आणिला. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेंत त्यांनीं एक लहानसा फुगा फुगविला. त्याबरोबर मूत्राचा ओघ वाढला. व्हेगसचें काम बंद पाडलें, तेव्हां तो परिणाम दिसेनासा झाला. याच वर्षीं किश या संशोधकास कर्णिकेच्या स्नायूंत बारीक कण दिसले; पण ते कशासाठीं हें उमगावयास पंचवीस वर्षें लागलीं. इ. स. १९८१ मध्यें कॅनडांत डि बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कर्णिकेच्या स्नायूचा अर्क उंदरांस टोंचला, आणि त्यांच्या मूत्रांतून मीठ व पाणी भराभर जाऊं लागलें. हृदय ताणलें गेलें असतां स्वतःच एक रस रक्तांत सोडतें, ही गोष्ट अशी उघडकीस आली.

आतां हुकूम कसा अमलांत येतो तें पाहूं. कर्णिका फुगल्या असतां तीन गोष्टी घडतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युटरी ग्रंथींतून मूत्रपिंडांस पाणी राखावयास लावणारा रस निघतो, तो कमी होतो. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जोर मंदावतो, त्यामुळें मीठ धरून ठेवण्याची त्यांची ओढही कमी होते. आणि हृदयाचा स्वतःचा रस मीठ व पाणी दोन्ही बाहेर लोटतो. रक्त कमी झालें, कीं हेंच चक्र उलट फिरतें : मूत्र आटतें, मीठ राखलें जातें व तहान लागते.

बीड शहराजवळील खजाना विहीर आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत, ती बांधली गेली. दोन भुयारांनीं तिच्यांत पाणी येतें व एका भुयारानें तें शेतीकडे जातें. शरीराची रचना थोडीफार अशीच आहे. तोंडावाटे पाणी येतें, मूत्रपिंडांवाटे जातें. भेद इतकाच, कीं शरीर आपल्या जाण्याच्या वाटेचें तोंड गरजेप्रमाणें लहानमोठें करूं शकतें.

मात्र हृदय हा एकटाच पहारेकरी नव्हे. रक्त किती खारट आहे हें मेंदूंतील निराळे ग्राहक पाहतात, व ते फार तीक्ष्ण आहेत. खारटपणांत शंभरांत एक-दोन भागांचा फरक पडला तरी ते जागे होतात. उलट, रक्ताचें मान शंभरांत सुमारें दहा भागांनीं घटल्यावांचून पिट्युटरीचा रस फारसा वाढत नाहीं. यांतून व्यवहाराची एक महत्त्वाची गोष्ट निघते. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातें. अशा वेळीं नुसतें पाणीच पोटभर प्यालें, तर रक्त पातळ होतें. मेंदू म्हणतो, पाणी पुष्कळ झालें, आणि तें बाहेर टाकलें जातें. सांठा मात्र अपुराच राहतो. पाणी टिकावयास मिठाची सोबत लागते. उन्हांतून आलेल्यास मीठ घातलेलें ताक देण्याची आपली जुनी चाल या दृष्टीनें शहाणपणाची आहे.

ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास पुस्तकी नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या दिवसांत आमच्या वर्गांतील कांहीं बांकें रिकामीं दिसतात, आणि तीं कां रिकामीं आहेत हें कोणी विचारीत नाहीं. हंगाम लांबला म्हणजे चैत्राच्या उन्हांत तोडणी चालते. फडांत आडोसा नाहीं म्हणून पुष्कळ बाया दिवसभर पाणीच बेतानें पितात. तेव्हां हृदय वर्दी देतें, मूत्रपिंड थेंब थेंब राखतात; पण राखण्यालाही सीमा आहे. मध्य अमेरिकेंतील ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडांचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला असून, उन्हांतील कष्ट व वारंवार होणारा पाण्याचा तुटवडा हें त्याचें एक मुख्य कारण मानलें जातें. सांवली, विसावा, पिण्याचें पाणी व बायांसाठीं आडोसा या गोष्टी म्हणजे चैन नव्हे.

जुलाबांतही हाच सांठा झपाट्यानें उतरतो. इ. स. १९७१ मध्यें बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ आली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर व क्षार मिसळलेलें पाणी रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली, व मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें चारांच्या खालीं आलें. घरीं पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत साखरेचे ६ सपाट लहान चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा आणि घोट घोट पाजावें. एवढें तर इयत्ता पांचवींतील मुलासही करतां येईल. ज्यांस रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनीं मात्र मीठ वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. दुबळें हृदय सतत ताणलेलें असतें. तें आपला रस पुष्कळ सोडतें, तरी मूत्रपिंड त्यास दाद देत नाहींत व पायांवर सूज येते. अशा रोग्याच्या रक्तांतील हृदयरस मोजून आज डॉक्टर रोगाचें निदान करितात.

विद्यार्थिमित्रांनो, मुठीएवढें हें इंद्रिय दिवसांत सुमारें एक लक्ष वेळां ठोके देतें, आणि प्रत्येक ठोक्यागणिक सांठाही पाहून ठेवितें. तें आपलें काम चुकत नाहीं. त्याची वर्दी आली असतां हाताशीं पाण्याचा तांब्या असावा, आणि तो आपल्याच नव्हे तर फडांत राबणाऱ्याच्याही हाताशीं असावा, एवढें काम मात्र आपणांकडे राहतें.