शेपटीजवळची पाच अक्षरं

22 एप्रिल 2024 च्या सकाळी ‘आग्रा’ नावाचं बोइंग 747 मुंबईच्या धावपट्टीवरून उठलं, पंख एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवून त्याने निरोप घेतला आणि ते अमेरिकेच्या वाटेला लागलं. परतीचं तिकीट नव्हतं. एअर इंडियाच्या ताफ्यातल्या जम्बोंचं युग संपलं होतं. ते काही सेकंद देशभर मोबाइलवर पाहिले गेले. माझ्या ओळखीच्या विमानवेड्यांनी मात्र त्या दिवशी आपले जुने अल्बम काढले आणि त्यांत पाच अक्षरं शोधली: व्हीटी-ईव्हीए.

विमानाचा फोटो आणि विमानवेड्याचा फोटो यांतला फरक या अक्षरांत आहे. शेपटीजवळ लिहिलेला हा नोंदणी क्रमांक वाचता आला नाही, तर चित्र कितीही देखणं असो, आमच्या लेखी ते अर्धंच. ‘व्हीटी’ म्हणजे भारत. ब्रिटिश अमदानीत मिळालेला हा संकेत अजून चालू आहे. पुढची तीन अक्षरं त्या एका विमानाची. कंपनी रंग बदलते, विमान विकलं जातं, पण क्रमांकाचा माग धरला की त्याचा जन्मापासून शेवटापर्यंतचा प्रवास जुळवता येतो. म्हणून जुने छंदिष्ट स्लाइडच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत क्रमांक, जागा आणि तारीख लिहून ठेवत. पुढे त्याच स्लाइड टपालाने देशोदेशी जात, एकीच्या बदल्यात दुसरी येई.

व्हीटी-ईबीडी घ्या. ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचं पहिलं जम्बो. 1971 मध्ये ते आलं तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती तांबडा झरोका रंगवलेला होता, जणू राजवाड्याची भिंतच उडते आहे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून उडाल्यावर काही मिनिटांत ते वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. म्हणजे या विमानाचे फोटो फक्त त्या सात वर्षांतलेच असू शकतात. असा एखादा फोटो हातात आला की मी आधी तारीख पाहतो, मग खिडक्यांकडे बघत राहतो. आत कुणीतरी बसलेलं असेल, हा विचार टळत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आपल्या जुन्या विमानांचे जे चांगले फोटो मी पाहिले, त्यांतले बरेचसे लंडनच्या हीथ्रोवर काढलेले आहेत. तिथे क्वीन्स बिल्डिंगच्या गच्चीवर सामान्य माणसाला उभं राहून विमानं पाहता येत. आपल्याकडे 1937 च्या विमान नियमांनी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय कॅमेरा वापरण्याला बंदी घातली. सुरक्षेची गरज मला मान्य आहे. पण इंडियन एअरलाइन्सची व्हायकाउंट, कानपूरला बांधलेली अ‍ॅव्रो, ही देशातल्या देशात फिरणारी विमानं परदेशी गच्च्यांसमोर फारशी आलीच नाहीत, आणि त्या बंदीपायी इथे त्यांच्यासमोर कॅमेरा धरायची सोय नव्हती.

आता हद्दीबाहेरून जे जमेल ते. मुंबईत बहुतेक दिवस विमानं पूर्वेकडून, घाटकोपरच्या डोक्यावरून उतरतात, नाक पश्चिमेला. वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा कुर्ल्याच्या बाजूला उभं राहिलं की ऊन पाठीशी आणि विमानाची डावी बाजू पूर्ण उजळलेली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि गणित उलटतं. तेव्हा बहुतेक ढगच असतात म्हणा, पण दमट हवेत पंखांवर वाफेची जी पांढरी चादर उमटते, तिच्यासाठी मी भिजायला तयार असतो. फोटो सकाळी लवकर काढावा. ऊन चढलं की तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि नेमकी अक्षरंच विरघळल्यासारखी होतात. लेन्स कितीही महागाची असो, तिथे काही चालत नाही. जेट असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान ठेवावं. पंख्याच्या विमानाला ते चालत नाही. पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. तिथे शटर सव्वाशेव्या भागावर आणून, श्वास रोखून, विमानाच्या वेगाने कॅमेरा फिरवत न्यायचा. दहांतला एखादा साधतो.

मला सगळ्यात जास्त खंत आहे ती जम्बोची नाही. त्याचे फोटो सगळ्यांनीच काढले. खंत आहे इंडियन एअरलाइन्सच्या सुरुवातीच्या एअरबस ए320 ची. ती 1989 पासून येऊ लागली. जगभरच्या ए320 ला पंखाखालच्या प्रत्येक पायाला दोन चाकं असतात. आपल्याकडच्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर भार पसरावा म्हणून या विमानांना चार-चार चाकं बसवून घेतली होती. मी ती कितीतरी वेळा पाहिली, आणि रोजचीच म्हणून कॅमेरा खाली ठेवला. माझ्या संग्रहात त्यांचे मोजून तीन फोटो आहेत. एकात चाकं आत ओढली गेली आहेत, दुसऱ्यात विजेच्या खांबाआड लपली आहेत. तिसरा चांगला आहे, चारही चाकं स्पष्ट दिसतात, पण शेपटी चौकटीबाहेर राहिली.

हल्ली रविवारी सकाळी मी साध्या ए320 वरच थांबतो, पंखांच्या टोकांना उंच वळणाऐवजी छोटा बाण असलेल्या जुन्या घडणीच्या. आजूबाजूची तरुण मुलं नव्या, मोठ्या विमानाची वाट पाहत असतात. एकाने मागच्या आठवड्यात विचारलं, “काका, हे तर दर दहा मिनिटांनी येतं, याचे कशाला काढता?” मी त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर चाकं आणि अक्षरं मोठी करून दाखवली. पुढचं विमान आलं तेव्हा त्याने क्रमांक मोठ्याने वाचला आणि मी तो वहीत उतरवून घेतला.